कुटून उरलं ते दृढ

ज्या दोन संख्यांना १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नाही, त्यांना शाळेत आपण 'सहमूळ' म्हणतो. त्यांचं जुनं नाव 'दृढ'. या एका शब्दामागे लागलो आणि थेट आमच्या वऱ्हाडात येऊन पोचलो! भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'बीजपल्लव' ही टीका लिहून त्यातल्या रीतींची उपपत्ती देणारे, जहांगीरच्या काळातले कृष्ण दैवज्ञ इथल्याच कुळातले.

कुळाचं गाव दधिग्राम, पयोष्णीकाठी, एलिचपूरच्या मुलखात. दहिगाव नावाची गावं अमरावतीतही आहेत, अकोल्यातही. पयोष्णी म्हणजे पूर्णा; ती तापी, असंही एक मत आहे. पण तापी मेळघाटाच्या डोंगरांपलीकडून वाहते. एलिचपूरची खूण सांगायची तर नदी पूर्णाच हवी. माझा कौल अमरावतीकडच्या दहिगावाला.

आता शब्द. भास्कराचार्यांच्याच लीलावतीतलं उदाहरण घ्या : २२१ ला कशाने गुणून ६५ मिळवले, तर १९५ ने निःशेष भाग जाईल? या रीतीचं नाव कुट्टक. आर्यभटांनी ती ४९९ मध्येच सांगितली होती. आधी २२१ आणि १९५ यांचा परस्परांना भाग देत जायचं. बाक्या २६, मग १३; तेराने २६ पुरता तुटतो. तिन्ही संख्यांना १३ ने भागलं की १७, ५, १५ उरतात. यांतल्या १७ आणि १५ या झाल्या दृढ.

कुट्टक म्हणजे काय? गणेश दैवज्ञ १५४५ च्या 'बुद्धिविलासिनी' या लीलावतीवरच्या टीकेत सांगतात की कुट्टक म्हणजे गुणक, कारण गुणाकाराला मारण्याचेच शब्द वापरतात. पुरावा भक्कम आहे : हनन, वध, घात, आपला 'घातांक' अजून तोच वारसा सांगतो. तरी मला हे पटत नाही. नुसता गुणकच म्हणायचा होता, तर शेजारी 'दृढ' कशाला आला? कुट्ट् म्हणजे कुटणं. खलबत्त्यात कुटता कुटता संख्या बारीक होत जातात, आणि सामाईक घावाने ज्या आणखी फुटत नाहीत त्या दृढ. दोन्ही शब्द एकाच खलातले आहेत. १५ एकटा फुटतो, पण १७ च्या जोडीने फुटत नाही. 'दृढ'मधली ही जोडीची कल्पना 'सहमूळ'मध्ये अर्धीच उतरते.

मूळ संख्येची ओळखही यातून सुरेख होते : १ सोडून, आपल्याहून लहान प्रत्येक संख्येशी जी दृढ, ती मूळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या अशीच. १९७७ च्या आरएसए कूटपद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्या गुणतात, प्रत्येकीतून १ वजा करून आलेल्या संख्यांच्या गुणाकाराशी दृढ अशी संख्या निवडतात आणि त्यावरून गुप्त किल्ली काढतात. ती काढण्याची रीत म्हणजे कुट्टकच.

गणिताच्या शिक्षकांना विनंती आहे : सहमूळ शिकवाल तेव्हा फळ्यावर शेजारी 'दृढ' लिहा, आणि २२१-१९५ मुलांकडून कुटून घ्या.