‘पोटात पाणीसुद्धा ठरत नाही’

शाळेच्या सहलीत किंवा बालवाडीच्या वर्गात एखाद्या मुलाला उलट्या सुरू झाल्या की मोठ्या माणसांची धावपळ उडते. कोणी पाठीवरून हात फिरवतो, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो. त्यात एक सल्ला हमखास मिळतो : “आता त्याला काही देऊ नका. पोटात पाणीसुद्धा ठरत नाही.” शिक्षकांशी गप्पा मारताना आम्ही हा प्रसंग मांडतो आणि विचारतो, हा सल्ला बरोबर की चूक? बहुतेक हात ‘बरोबर’च्या बाजूने वर होतात.

यात कोणी ओशाळण्याचे कारण नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जगातल्या नामवंत डॉक्टरांचेही मत जवळपास असेच होते. ते मत कशावर आधारलेले होते आणि ते कसे बदलले, ही विज्ञानाच्या इतिहासातली एक मोठी बोधप्रद कथा आहे. त्या बदलामुळे कोट्यवधी मुलांचे प्राण वाचले.

उलटी कोण करते?

आधी एक साधा प्रश्न. उलटी होते तेव्हा अन्न बाहेर कोण फेकते? ‘जठर’ हे उत्तर आपल्या तोंडावर असते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी याने १८१३ मध्ये ते तपासून पाहिले. त्याने एका कुत्र्याचे जठर काढून त्या जागी डुकराचे मूत्राशय बसवले आणि उलटीचे औषध थेट शिरेत टोचले. मूत्राशयाची ती पिशवी स्वतःहून आकुंचन पावणे शक्य नव्हते. तरीही कुत्र्याला उलटी झाली! भूल देण्याची विद्या अवगत होण्यापूर्वीचा हा क्रूर प्रयोग आज कोणी करणार नाही. पण त्यातून कळले ते महत्त्वाचे होते. जठर जवळजवळ स्वस्थ असते. त्याला बाहेरून पिळतात ते श्वासपटल आणि पोटाचे स्नायू. त्यांना हुकूम सुटतो मेंदूच्या तळाकडील लंबमज्जेतून.

म्हणजे उलटी हा पोटाचा रोग नव्हे. ती मेंदूने दिलेली प्रतिक्रिया आहे, आणि तिचे निमित्त पोटात असू शकते तसे रक्तात, कानात किंवा डोक्यातही असू शकते. बसच्या वळणांनी उलटी होते, तापात होते, खोकल्याच्या उबळीने होते आणि डोक्याला मार लागल्यानेही होते. लहान मुलांत मात्र उलटीचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे आतड्याचा संसर्ग. त्यात उलटीपाठोपाठ जुलाबही सुरू होतात.

लाट्टा यांचा अर्धा शोध

१८३१ मध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ इंग्लंडला पोहोचली. विल्यम ओ'शॉनेसी नावाच्या बाविशीतल्या तरुण डॉक्टराने रुग्णांचे रक्त तपासले. त्यातले पाणी आणि क्षार कमी झाले होते. रुग्ण पटकीच्या ‘विषा’ने मरत नसून पाणी आणि मीठ गमावल्याने मरतो, हा त्याचा अर्थ होता. (हाच ओ'शॉनेसी पुढे कोलकात्याला आला आणि त्याने भारतात तारयंत्राचे जाळे उभारले.)

१८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉ. थॉमस लाट्टा यांनी हे पाणी परत भरून काढायचे ठरवले. त्यांनी प्रथम सरळ मार्ग धरला : मिठाचे पाणी तोंडाने आणि गुदमार्गाने दिले. पण उलट्या आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढल्यासारखे त्यांना वाटले. मग त्यांनी तेच पाणी शिरेतून दिले आणि मरणाच्या दारातले काही रुग्ण उठून बसले. सलाईनचा जन्म झाला तो असा. लाट्टा पुढच्याच वर्षी वारले आणि ही पद्धत बरीच वर्षे विस्मरणात गेली. विसाव्या शतकात ती परत आली आणि रुळली.

पण लाट्टा यांच्या प्रयोगाचा दुसरा निष्कर्षही वैद्यकाच्या मनात घट्ट बसला. तोंडाचा मार्ग बंद आहे, कारण दिलेले पाणी उलटून पडते, असा तो निष्कर्ष होता. बालरोगतज्ज्ञ उलट्या-जुलाबाच्या मुलांना उपाशी ठेवू लागले. याला ‘आतड्याला विश्रांती’ असे म्हणत. मूल आधीच पाणी गमावत होते. विश्रांतीच्या नावाखाली त्याला मिळणारेही बंद झाले. ज्यांना सलाईन मिळे ते वाचत. पण सलाईनला निर्जंतुक बाटली, सुई, प्रशिक्षित हात आणि पैसा लागतो. खेड्यातल्या मुलाकडे यांपैकी काय होते?

कोलकात्यातील एक दुर्लक्षित लेख

नोव्हेंबर १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांचा लेख आला. विषय होता पटकीतील उलट्यांवर ताबा आणि तोंडावाटे पाणी भरून काढणे. चॅटर्जींनी अडचण नेमकी ओळखली होती : तोंडाचे दार उलटीने अडवले आहे. मग त्यांनी आधी प्रोमेथाझिन जातीचे औषध देऊन उलटी थांबवली आणि नंतर एक लिटर पाण्यात ४ ग्रॅम मीठ व २५ ग्रॅम ग्लुकोज घालून ते प्यायला दिले. जुलाबासाठी त्यांनी पानओव्याच्या रसाचाही उपयोग केला होता. अशा १८६ रुग्णांचा अनुभव त्यांनी मांडला.

आज ते प्रमाण वाचताना आम्हाला नवल वाटते, इतके ते बरोबर होते. तरीही लेखाकडे जगाने लक्ष दिले नाही. याचा दोष केवळ जगाच्या आढ्यतेवर टाकता येणार नाही. चॅटर्जींचे रुग्ण अतिगंभीर नव्हते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शरीरातून किती पाणी गेले आणि किती परत आले, याचा जमाखर्चही लेखात नव्हता. शिवाय ग्लुकोज का घालायचे, याचे कारण तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. उत्तर बरोबर होते, पण रीत दाखवलेली नव्हती. गणिताच्या शिक्षकांना ही परिस्थिती चांगलीच ओळखीची आहे.

साखरेचे रहस्य

ती रीत १९६० मध्ये सापडली. रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने प्राग येथील परिषदेत एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नाही, ते सोडियमच्या जोडीने शिरते. जणू या दाराची कडी उघडायला दोघेही एकदम हजर असावे लागतात. दोघे आत गेले की त्यांच्यापाठोपाठ पाणीही जाते. पटकीमुळे सोडियमच्या शोषणाचे दुसरे मार्ग बिघडले तरी हे दार शाबूत राहते.

आता लाट्टांचा प्रयोग पुन्हा आठवा. त्यांच्या पाण्यात मीठ होते, साखर नव्हती! नुसते मिठाचे पाणी शोषले गेले नाही, आतड्यात साचले आणि बाहेर पडले. त्यांनी दोष मार्गाला दिला. खरी उणीव द्रावणात होती.

पण साखर घातली की झाले, असेही नाही. १९६२ मध्ये मनिला येथे रॉबर्ट फिलिप्स यांनी ग्लुकोज-मिठाचे फार तीव्र द्रावण देऊन पाहिले. काही रुग्ण दगावले आणि तो प्रयोग थांबला. अखेर १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी २९ रुग्णांवर काटेकोर प्रयोग केला. जेवढे बाहेर गेले तेवढे मोजून तोंडाने परत, हा त्यांचा नियम होता. सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. उलट्यांविषयीही हळूहळू समज पक्की झाली. शरीरातले पाणी घटले आणि रक्तातील आम्लता वाढली की मळमळ आणखी वाढते. पाणी भरून निघाले की बहुतेकांची उलटी आपोआप ओसरते. म्हणजे ‘आधी उलटी थांबवा, मग पाणी द्या’ हा क्रमच उलटा करायला हवा होता!

बनगावची परीक्षा

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तियुद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महलानबीस तेथे पोहोचले तेव्हा सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा हे एका लिटरचे प्रमाण ठरवून पुड्या तयार करवल्या. नळ बसवलेल्या पिंपांत द्रावण भरले. पाजण्याचे काम रुग्णांच्या आयाबहिणींवर आणि भावांवर सोपवले. एका लिटरच्या साहित्याचा खर्च होता ११ पैसे. तीन हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३.६ टक्क्यांवर आले. अशा साथीत एरवी ते २० ते ३० टक्के असे.

१९७८ मध्ये ‘लॅन्सेट’नेच आपल्या संपादकीयात या उपचाराची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत होऊ शकेल असे म्हटले. आपल्याकडे तो ‘जलसंजीवनी’ या सुरेख नावाने घरोघर पोहोचला. महलानबीस २०२२ मध्ये निवर्तले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर मिळाले.

बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत आयांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाचे पाणी करायला शिकवले. शिकवणाऱ्या बाईंचे मानधन ठरे ते आईला नंतर किती आठवते यावर. शिक्षकांनी याचा जरूर विचार करावा!

चमच्याचे गणित

कथा येथे संपली नाही. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जलसंजीवनीचे द्रावण थोडे सौम्य केले. मुलांवरील चाचण्यांत त्याने उलट्या जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१५ मुलांच्या अभ्यासात ऑनडॅनसेट्रॉनची एकच मात्रा दिल्यावर उलटी होणाऱ्यांचे प्रमाण ३५ वरून १४ टक्क्यांवर आले. चॅटर्जींची कल्पना अशी निराळ्या रूपात परतली. मात्र असे औषध डॉक्टरांनीच ठरवायचे. प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालील मुलांना देऊच नये, कारण त्याने श्वास मंदावू शकतो.

मग उलटी करणाऱ्या मुलाला पाजायचे कसे? तहानलेले मूल पेलाभर पाणी गटागटा पिते आणि ते भडभडून बाहेर येते. येथूनच ‘ठरत नाही’ ही समजूत बळावते. म्हणून उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबावे आणि मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. ठरू लागले की वेग वाढवावा. वर्गात हे गणित जरूर करून घ्या. चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावते. दर दीड मिनिटाला एक चमचा, तर तासाला २०० आणि चार तासांत ८०० मिलिलिटर होते. पाण्याची थोडी कमतरता झालेल्या १० किलो वजनाच्या मुलाला चार तासांत साधारण ७५० मिलिलिटर लागते. म्हणजे चमचा हेच आपले सलाईन! मधे एखादी उलटी झाली तरी बरेचसे पाणी आत राहिलेले असते.

पुडीवर लिहिले असेल तितक्याच पाण्यात सगळी पुडी विरघळवावी. अर्धी पुडी पेल्यात टाकणे धोक्याचे असते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. बाटलीबंद गोड पेये ही जलसंजीवनी नव्हेत. अंगावरचे दूध चालूच ठेवावे आणि उलटी ओसरताच पेज किंवा मऊ भात द्यावा.

तान्हे बाळ ढेकर देताना थोडे दूध टाकते, पण हसते-खेळते आणि वजनाने वाढते, तर ती काळजीची उलटी नव्हे. पण काही खुणा दिसल्या तर चमच्यावर विसंबू नये : उलटी हिरवी किंवा रक्ताची असणे, महिना-दोन महिन्यांच्या बाळाला दर पाजण्यानंतर पिचकारीसारखी उलटी होणे, डोक्याला मार लागल्यावर उलट्या होणे, पोट फुगणे किंवा असह्य दुखणे, टाळू फुगणे, तीव्र डोकेदुखी, मान ताठरणे. तसेच डोळे व टाळू खोल जाणे, सहा-आठ तास लघवी न होणे, मूल मलूल पडणे किंवा चमच्यानेही काहीच न ठरणे. अशा वेळी मुलाला तात्काळ दवाखान्यात न्यावे.

लाट्टा यांच्यापासून ढाक्यापर्यंत १३६ वर्षे गेली. एका निरीक्षणातून चुकीचा निष्कर्ष निघाला आणि तो पुन्हा तपासायला इतका काळ लागला. पुढच्या सहलीत कोणी म्हणाले, “पाणीसुद्धा ठरत नाही,” तर आपण एवढेच विचारूया : पेल्याने दिले होते, की चमच्याने?