यादी कोण करतो?

खेळाच्या मैदानावर जात नसते, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. कोल्हापुरात तर जरा अधिकच. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान इथे आहे, पेठापेठांत तालमी आहेत आणि त्या तालमींचे फुटबॉल संघही आहेत. मातीला जात नसते हे खरेच. पण मातीत उतरण्याआधी एक यादी तयार होते. ती मैदानावर होत नाही, बंद खोलीत टेबलाभोवती होते. खेळाचा इतिहास लिहिणारे धावा, बळी आणि पदके मोजतात. यादीचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. तो तपासू लागले की एक गोष्ट लख्ख दिसते. यादी करणाऱ्याचे हृदय पालटले म्हणून यादी बदलली, असे क्वचितच घडते. ती बदलते दाबाने.

प्रथम घरचेच उदाहरण घेऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या निवडीच्या वेळी मद्रासच्या स्पर्धेत त्यांना एका गुणाने हरलेले ठरवण्यात आले. त्यांनी निमूटपणे मान खाली घातली नाही. पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि जिंकली. मग प्रश्न आला पैशांचा. प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा मराठा शेतकरी घरातले. तालमीचे दार त्यांना बंद नव्हते. तरीही यादीत नाव यायला इतकी झुंज द्यावी लागली. मग ज्यांना दारच बंद होते त्यांचे काय?

त्यांचा इतिहास पळवणकर बंधूंच्या नावावर आहे. पळवणकर बाळू चांभार समाजातले. पुण्यात पारशांच्या क्लबवर मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे या कामासाठी त्यांना महिना तीन रुपये मिळत. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबवर चार रुपये. तिथे ते साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करीत. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला येत नसे. बॅट साहेबाची, घाम बाळूचा. या घामातूनच देशातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला.

पुण्याच्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवा होता. म्हणून तो यादीत आला. हे समतेचे पाऊल नव्हते, ती गरज होती. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा मिळे. चेंडू विटाळत नव्हता, पेला विटाळत होता! १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवले, तेव्हा त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. यापेक्षा अधिक गुणवत्ता ती कोणती? पण हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही.

१९२० साली बाळूंना संघातूनच वगळले गेले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल व शिवराम यांचाही विचार झाला नाही. तेव्हा या दोघा भावांनी संघातून आपली नावे मागे घेतली आणि जातीमुळे अन्याय होतो हे जाहीरपणे सांगितले. अस्पृश्याने यादीत घ्या म्हणून हात जोडण्याऐवजी यादीतून स्वतःचे नाव काढून घेतले. हा दाब होता. बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करावे लागले आणि १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी संघ जिंकला.

निवडणाऱ्याचा हात कसा चालतो याचा आणखी एक धडा याच आयुष्यात आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार निवडला तो बाळूंनाच. त्यात बाळू हरले. ज्या समाजाने त्यांना कर्णधार होऊ दिले नाही, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांना आपल्या माणसासमोर उभे करायला ते बरोबर आठवले. निवड झाली म्हणजे न्याय झाला असे नव्हे. कोणाच्या सोयीसाठी झाली, हे पाहावे लागते.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. तेव्हापासून तिथल्या काळ्या माणसाकडे पाहण्याची आपल्याला सवय आहे. म्हणून तिथली यादीही पाहू. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या पेठांतला फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन, धडका देत पुढे सरकण्याचा तो खेळ. तिथे कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू धंदेवाईक संघ आपसांत वाटून घेतात. या वाटपाला 'ड्राफ्ट' म्हणतात. पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात झाला. संघ नऊ. कल्पना बर्ट बेल या मालकाची, आणि त्याचा संघ तळाशी होता. श्रीमंत संघ पैशाच्या जोरावर सगळे चांगले खेळाडू पळवतात, म्हणून नियम ठरला की जो संघ शेवटचा आला त्याने पहिला खेळाडू निवडायचा. पहिले नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बरवॅंगरचे पुकारले गेले. त्याचे पैशांवर जमले नाही आणि तो धंदेवाईक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

मालकांनी दुबळ्या मालकाची अशी काळजी घेतली. पण १९३४ ते १९४५ या काळात त्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. केनी वॉशिंग्टन हा १९३९ सालचा कॉलेज फुटबॉलमधला नामांकित खेळाडू. पुढच्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कोणीच घेतले नाही. १९४६ साली एक संघ लॉस एंजलिसला आला. तिथले मैदान लोकांच्या पैशाचे होते. लोकांच्या मैदानावर लोकांतले काळे का नाहीत, असा दाब आला आणि मग वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांना संघात घेतले गेले. ड्राफ्टमध्ये पहिला काळा खेळाडू निवडला गेला तो १९४९ साली, जॉर्ज टॅलिफेरो, तोही तेराव्या फेरीत. राजधानीच्या संघाचा मालक मार्शल तर १९६१ पर्यंत अडून बसला होता. त्याचे नवे मैदान केंद्र सरकारच्या जमिनीवर होते. सरकारने मैदान बंद करण्याची तंबी दिली, तेव्हा कुठे १९६२ साली त्याच्या संघात काळे खेळाडू उतरले.

जो मागे त्याला आधी संधी, हे तत्त्व आपल्याला नवे नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. तेव्हापासून गुणवत्ता बुडाली, ही ओरड अजून थांबलेली नाही. माझ्या घरातला पदवीचा पहिला कागद माझ्या नावाचा. त्यामुळे ही ओरड मला वर्गात, स्टाफरूममध्ये, प्रवेशाच्या यादीसमोर ऐकू येते. तिला अमेरिकेतल्या मालकांचा ड्राफ्ट हे एक उत्तर आहे. शेवटच्याला पहिली निवड देऊन त्यांचा खेळ बुडाला नाही. उलट जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगमध्ये तो वाढला. म्हणजे भांडवलदाराला मागे पडल्याबद्दल सवलत मिळाली तर ती शहाणपणाची व्यवस्था ठरते आणि हजारो वर्षे मागे ठेवलेल्याला मिळाली तर ती भीक ठरते!

२०१४ पासून आपल्याकडे कबड्डीपटूंचे लिलाव होतात, खेड्यातल्या पोरांची नावे दूरदर्शनच्या पडद्यावर झळकतात. आनंद आहे. पण आपल्या कॉलेजातल्या, तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या निवड समित्यांत कोण बसले आहे, हे विचारायला आपण कधी शिकणार? नुसते मैदानावर जाऊन भागणार नाही. पोराच्या पायात बूट घालून त्याला मैदानावर पाठवताना, त्याच्या समाजातला एक तरी माणूस त्या टेबलाशी बसला पाहिजे. आणि बसू दिले नाही, तर विठ्ठल आणि शिवराम यांनी १९२० साली काय केले ते आठवावे.