हृदयाचें कवच

हृदयाच्या रक्षणार्थ निसर्गानें त्याच्याभोंवतीं एक पिशवी घातली आहे. तिला हृदयावरण म्हणतात. तिचा बाहेरचा थर चिवट तंतूंचा. तो खालीं श्वासपटलाशीं, वर मोठ्या रक्तवाहिन्यांशीं व पुढें उरोस्थीशीं बांधलेला असतो. आंतील थर पातळ व दुपदरी असून एक पदर बाहेरच्या थराला, तर दुसरा प्रत्यक्ष हृदयाला चिकटलेला असतो. या पदरांमध्यें १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. त्यामुळें दिवसाकाठीं सुमारें एक लक्ष ठोके पडूनही हृदयाला घर्षणाची बाधा होत नाहीं.

परंतु कुंपणानेंच शेत खावें, असा प्रसंगही येथें ओढवतो. तंतुमय थर एकाएकीं ताणला जात नाहीं. द्रव हळूहळू सांठल्यास लिटरभरही सामावतो. पण जखमेचें रक्त झपाट्यानें भरलें, तर दोनशें मिलिलिटर देखील प्राण घेण्यास पुरेसें होतें. हृदय फुलूंच शकत नाहीं. मग त्यांत रक्त येणार कोठून?

हा धोका इंग्लंडच्या रिचर्ड लोअरनें १६६९ सालींच आपल्या हृदयविषयक ग्रंथांत वर्णिला होता. १८८४ मध्यें जर्मन शस्त्रवैद्य एडमंड रोझ यानें त्यास ‘टँपोनेड’ हें नांव दिलें. मधल्या काळांत द्रव काढण्याचे तुरळक प्रयत्न झाले. पण या पिशवीची जखम शिवण्यास १८९१ साल उजाडलें. त्या वर्षीं सेंट लुईसमध्यें हेन्री डाल्टननें, व १८९३ मध्यें शिकागोच्या प्रॉव्हिडंट रुग्णालयांत डॅनियल हेल विल्यम्स या कृष्णवर्णीय शस्त्रवैद्यानें ती शिवली. १८९६ मध्यें फ्रँकफुर्टच्या लुडविग रेननें त्याहीपुढें जाऊन खुद्द हृदयालाच टांके घातले. तिघांचेही रोगी वांचले.

ज्ञान आणि कृति यांमध्यें हें सव्वादोनशें वर्षांचें अंतर कां पडावें? भूल देण्याची विद्या व जंतुनाशक उपचार एकोणिसाव्या शतकांत आले, हें एक कारण खरेंच. पण दुसरें कारण मनाचें होतें. हृदय अस्पर्श्य आहे, हा समज वैद्यांच्या अंगीं मुरला होता. वस्तुतः दुसऱ्या शतकांत गेलेननें एका गुलाम मुलाची कुजलेली उरोस्थी काढली, तेव्हां हृदयावरणही नासलेलें निघून हृदय उघडें पडलें होतें. तरी तो मुलगा बरा झाला. पुरावा इतका जुना होता. हृदयाभोंवतींचें आवरण शस्त्रानें उघडलें. त्याच्याविषयींच्या भीतीचें आवरण मात्र त्याहून चिवट ठरलें, आणि त्याखालीं किती जखमी विनाकारण मेले, याची गणती कोणीं ठेवली नाहीं.