नाईक, हवालदार, कप्तान : धारावीच्या टेकडीपासून संगणकावरच्या पलटणीपर्यंत

१/ भाईंदर किंवा मीरा रोडच्या एखाद्या इमारतीत रात्री साडेदहाला एखादा मुलगा कानाला हेडफोन लावून संगणकासमोर बसतो. पडद्यावर त्याची पलटण जमते. दहा मुले, दहा वेगवेगळी शहरे. आज त्याला बढती मिळालेली असते आणि त्याच्या नावापुढे 'लेफ्टनंट' लागलेले असते. आई दारातून विचारते, "कसला रे अधिकारी?" या प्रश्नाचे उत्तर साडेतीनशे वर्षांच्या इतिहासात आहे.

२/ प्रारंभ याच शहरापासून करता येतो. भाईंदरच्या पश्चिमेला चौक गावाजवळ, वसई खाडीच्या दक्षिण तीरावर धारावीचा कोट आहे. समोर खाडीपलीकडे वसई. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांनी उत्तर कोकणात पोर्तुगीजांविरुद्ध जी मोहीम चालवली, तिच्यात ही टेकडी मोक्याची ठरली. धारावी ज्याच्या हाती, त्याची नजर वसईच्या खाडीवर. वसई पडण्याच्या आधी धारावी मराठ्यांकडे आली आणि मे १७३९ मध्ये वसईच्या किल्ल्याने शरणागती पत्करली.

३/ या फौजेतल्या हुद्द्यांची घडण मात्र त्याहून जुनी होती. राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद याने लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या सैन्याची उतरंड दिली आहे. पायदळात दहा माणसांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. सर्वांच्या वर सरनोबत.

४/ वेतनही ठरलेले होते. घोडदळाच्या जुमलेदारास पाचशे होन, हजाऱ्यास एक हजार, पंचहजाऱ्यास दोन हजार. ते रोख द्यायचे, जमीन तोडून द्यायची नाही, आणि बापाचा हुद्दा मुलाला आपोआप मिळायचा नाही, असे धोरण होते. हुद्दा हे वतन नव्हे. तो कामाचा मोबदला होता, आणि काम संपले की हुद्दाही संपत असे.

५/ गडावरची व्यवस्था याहून बोलकी आहे. तिथे एकट्याचे राज्य नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एका दर्जाचे नेमले जात आणि कारभार तिघांनी मिळून करायचा असे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे असत. म्हणजे ज्या शब्दाने आज डोळ्यांसमोर चौकीतला शिपाई उभा राहतो, त्या शब्दाने एके काळी गडाचा धनी उभा राहत असे.

६/ बाजीरावाच्या काळात ही शिडी आणखी लांब झाली. होळ गावच्या धनगर कुटुंबात जन्मलेले मल्हारराव होळकर स्वार म्हणून सुरुवात करून माळव्याचे सुभेदार झाले. राणोजी शिंदे यांचा उदयही असाच तळातून झाला. वसईच्या मोहिमेत हे दोघेही चिमाजी अप्पांच्या मदतीला होते. धारावी आणि वसईच्या रणात उतरलेल्या साध्या शिपायाला आपल्याच सरदारांकडे पाहून कळत असेल की ही वाट वरपर्यंत जाते.

७/ पुढे मात्र वाट अरुंद झाली. सरंजाम वंशपरंपरेने चालू लागले, सरदाराचा मुलगा सरदार होऊ लागला. महादजी शिंद्यांनी काळ ओळखून द बॉयन या सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. पलटणी उत्तम होत्या. पण त्यांचे वरचे अधिकारी युरोपीय होते, आणि खालून वर चढून त्या जागी पोहोचणारा हिंदी अधिकारी घडवण्याची सोय कुणी केली नाही.

८/ त्याची किंमत १८०३ मध्ये मोजावी लागली. इंग्रजांशी युद्ध पेटताच वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना परत बोलावले. अनेक जण गेले. सेनापती पेरॉनही ऐन युद्धात इंग्रजांकडे निघून गेला. नोव्हेंबरात लासवारीच्या रणात शिंद्यांच्या पलटणी युरोपीय अधिकाऱ्यांवाचून उभ्या राहिल्या आणि अशा लढल्या की शत्रूच्या सेनापतीनेही त्यांची वाखाणणी केली. शिपाई उभा राहिला, अधिकारी निघून गेला. मराठी लष्करी इतिहासातला हा सर्वांत कडू धडा आहे.

९/ कंपनी सरकारने हुद्द्यांचे शब्द घेतले आणि त्यांचा अर्थ कापला. मुंबईत १७६८ मध्ये जी शिपायांची दुसरी पलटण उभी राहिली, तीच पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची 'जंगी पलटण' झाली. अशा पलटणींत नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार सगळे होते. पण गडाचा हवालदार आता सार्जंटच्या पायरीवर आला होता, आणि प्रांताचा कारभार पाहणारा सुभेदार एका कंपनीतला देशी अधिकारी झाला होता.

१०/ त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वर छत होते. तीस-पस्तीस वर्षे चाकरी केलेला, अंगावर जखमा असलेला सुभेदार-मेजरही नुकत्याच बोटीतून उतरलेल्या विशीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या खालचाच. बढती बहुतेक ज्येष्ठतेने होई, म्हणून सुभेदार होईपर्यंत केस पांढरे होत. शौर्याला पदक होते. बुद्धीला मात्र वरची पायरी नव्हती.

११/ हे छत फुटायला पहिले महायुद्ध व्हावे लागले. १९१७ मध्ये मोजक्या हिंदी तरुणांना राजाचे कमिशन देण्याची घोषणा झाली आणि सँडहर्स्टमध्ये दरवर्षी दहा जागा ठेवण्यात आल्या. इंदूरच्या डेली कॅडेट कॉलेजातून १९१९ मध्ये बाहेर पडलेल्या तुकडीत पुढचे सरसेनापती करिअप्पा होते. तरीही १९२३ मध्ये हिंदी अधिकाऱ्यांसाठी फक्त आठ पलटणी वेगळ्या काढल्या गेल्या. गोऱ्याला काळ्याचा हुकूम ऐकावा लागू नये, हे त्यामागचे गणित होते. डेहराडूनची लष्करी अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या तुकडीत चाळीस कॅडेट होते. त्यांत माणेकशा होते.

१२/ आता खेळाकडे वळावे लागेल, कारण अधिकारी घडवण्याचा दुसरा धागा तिथून येतो. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये फॉन राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याने 'क्रीगश्पील' हा युद्धखेळ सैन्यापुढे मांडला. वडिलांची मूळ कल्पना त्याने पुढे नेली होती. मोजमापाचा नकाशा, पलटणींचे ठोकळे, फासे आणि मध्ये बसलेला पंच. खेळणाऱ्याला समोरचे सारे दिसत नसे. पंच सांगेल तेवढेच कळे. धुक्यात निर्णय घ्यायचा, हुकूम लिहायचा आणि चूक झाली तर कुणी न मरता शिकायचे. १८७० च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर इतर देशांनीही हा खेळ उचलला.

१३/ सोंग घेऊन अधिकारी निवडायची पद्धत दुसऱ्या महायुद्धात आली. ब्रिटनमध्ये १९४२ मध्ये निवड मंडळे बसली आणि १९४३ मध्ये ती पद्धत भारतात पोहोचली. आजच्या एसएसबीचे ते मूळ. पाच दिवसांच्या या परीक्षेत उमेदवाराचे नाव बाजूला पडते, छातीवर क्रमांक येतो. मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे दिली जातात. काल्पनिक नदी ओलांडायची असते. वाळूच्या नकाशावर काल्पनिक संकट मांडले जाते. गटाचा नायक कुणी ठरवून देत नाही. तो आपोआप कोण होतो, हेच परीक्षक पाहत असतात.

१४/ म्हणजे भारतातला खराखुरा लेफ्टनंट एका खोट्या नदीवरून जाऊनच खरा होतो. 'हा तर नुसता खेळ आहे' हे वाक्य लष्कराच्या इतिहासात तितकेसे खरे ठरत नाही.

१५/ या खेळाची दुसरी शाखा नागरी दिवाणखान्यात गेली. १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनच्या काळातले एक काल्पनिक प्रशियन गाव मांडले आणि खेळाडूंना पलटणींऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. 'ब्राउनस्टाइन' या त्या खेळाच्या वळणावर वाढलेल्या मंडळींतून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. भूमिकेचा खेळ हा असा युद्धखेळाच्या पोटी जन्मला. २००१ मध्ये 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' हा संगणकखेळ आला. तो करणाऱ्या कंपनीच्याच तंत्रावर उभारलेली प्रशिक्षणप्रणाली पुढे अनेक देशांच्या सैन्यांनी वापरली. घरातून निघालेला खेळ छावणीत परतला.

१६/ आजच्या दूरस्थ पलटणी याच वंशातल्या. नवा आलेला 'रिक्रूट' असतो. त्याला आधी हुकूम ऐकायला, रेडिओवर मोजके बोलायला, रांगेत राहायला शिकवतात. हजेरी लागते. काही आठवड्यांनी चार जणांची जबाबदारी, मग दहा जणांची. अधिकारी व्हायचे तर अर्ज, तोंडी परीक्षा आणि एक मोहीम स्वतः आखून चालवायची. मोहिमेनंतर सगळे बसून काय चुकले ते बोलतात. सभासदाने दिलेली उतरंड आणि ही उतरंड शेजारी ठेवली, तर तळाचा आकडा तोच निघतो. दहा.

१७/ दहा का? एका माणसाला आवाजाने, नजरेने आणि नावाने सांभाळता येतील अशी माणसे साधारण तेवढीच. म्हणून १६७० च्या दशकातला नाईक आणि १९४४ मधला नाईक जवळपास तेवढ्याच माणसांपुढे उभा होता.

१८/ त्या १९४४ च्या नाइकाचे नाव यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव परिसरातला, वय बावीस. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. १० जुलै रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्याच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधले सारे जण पडले, काही मेले, काही जखमी झाले. उभा राहिला तो एकटा नाईक. तो धावत गेला, ग्रेनेड फेकून तोफ बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. मग लपलेल्या बंदुकबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

१९/ लष्कराच्या वहीत तो अधिकारी नव्हता. नाईक ही अधिकाऱ्यांच्या खालची पायरी. पण ज्याच्यावर दहा जणांचा जीव सोपवलेला आहे आणि जो ते ओझे खाली ठेवत नाही, त्याला दुसरे नाव काय द्यावे? १८०३ मध्ये कमिशन असलेले निघून गेले होते. १९४४ मध्ये कमिशन नसलेला उभा राहिला.

२०/ या कसोटीवर संगणकावरच्या पलटणीलाही तोलता येते. तिचे उणे स्पष्ट आहे. तिथे मेलेला पुढच्या डावात उठतो. भीती, भूक, चिखल, मागे राहिलेले घर, यातले काहीच तिथे नाही. हुद्द्यांची खैरात होते, कधी कधी शिपायांपेक्षा कप्तान जास्त होतात. पोरसवदा हातात सत्ता आली की हुकूम आणि छळ यांतला फरक पुसला जातो. आणि अशी बढती घेऊन कुणी प्रत्यक्ष सैन्यात एक पायरीही चढत नाही.

२१/ पण एक गोष्ट तिथे खऱ्या सैन्यापेक्षा अवघड आहे. त्या कप्तानाकडे पगार नाही, शिक्षा नाही, कायदा नाही. दहाही जण एका बटणावर निघून जाऊ शकतात. ते थांबतात ते केवळ तो न्यायाने वागतो, आधी ऐकतो आणि चूक स्वतःवर घेतो म्हणून. नुसत्या विश्वासावर दहा माणसे एकत्र ठेवणे ही नेतृत्वाची पहिली इयत्ता आहे. पहिलीच, शेवटची नव्हे.

२२/ पुढच्या इयत्तांची दारे आज उघडी आहेत. १९४८ मध्ये स्थापन झालेले एनसीसी, साताऱ्याचे १९६१ चे देशातले पहिले सैनिक स्कूल, १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरात चालणारी सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आणि खडकवासल्याची प्रबोधिनी. २०२२ मध्ये तिथे मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ मध्ये बाहेर पडली. सुभेदार-मेजराच्या डोक्यावरचे छत आता कुणाच्याच डोक्यावर नाही.

२३/ धारावीच्या टेकडीवरून आज वसईची खाडी दिसते, रेल्वेचा पूल दिसतो, मागे मीरा-भाईंदरच्या इमारतींचे दिवे दिसतात. त्यातल्या एखाद्या दिव्याखाली कुणी नवा लेफ्टनंट दहा जणांना हाक मारत असेल. आईच्या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच शोधायचे आहे. इतिहास त्याला एवढेच सांगतो की हुद्दा देणारे बदलतात, हुद्द्याचे शब्द चढतात आणि घसरतात, पण सगळे पडल्यावर कोण उभा राहिला, हे मोजणारी फूटपट्टी तीच राहते.

(थ्रेड समाप्त)