लाकूड, डांबर आणि सापाची पेटी

नव्या दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गाशी महाराष्ट्राचा दुहेरी संबंध आहे. एक जुन्या महाराष्ट्र सदनाचा आणि दुसरा बडोदा हाऊसचा. ल्युटेन्सने आराखडा केलेली ही वास्तू महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी उभी राहिली. आज तेथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. सयाजीरावांच्या कारकिर्दीत, १८७९ साली, बडोद्यात जी बाग झाली तिच्यात प्राणिसंग्रहालयही आहे, तेव्हा प्राण्यांचा विषय त्या घराण्याला परका नव्हे. परंतु प्रस्तुत विषयाशी या वास्तूचे नाते जुळते ते राजामुळे नव्हे, तर रेल्वेमुळे. नेमके सांगावयाचे तर रुळांखाली घातल्या जाणाऱ्या लाकडामुळे.

विषय वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. काचेच्या पेटीत अजगर, सरडा किंवा कासव पाळणारी कुटुंबे आता आपल्या शहरांतूनही दिसू लागली आहेत. त्या पेटीत प्राण्याला चढावयास एखादी फांदी, लपावयास एखादा पोकळ ओंडका ठेवलेला असतो. त्यावर विष्ठा पडते, कात अडकते, बुरशी धरते. हे लाकूड स्वच्छ कसे करावे? घरातील वडीलधारे माणूस सहज सांगून जाते, ‘फिनेलने पुसून घ्या.’ आणि येथेच घात होतो. कित्येक साप रोगाने मरत नाहीत, तर रोग होऊ नये म्हणून वापरलेल्या औषधाने मरतात. ही फिनेलवरची श्रद्धा आपल्याकडे कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे.

तिचा उगम कोळशाच्या डांबरात आहे. कोळशापासून जळणवायू काढताना मागे उरणारा हा काळा, चिकट पदार्थ एके काळी टाकाऊ समजत. १८३४ साली रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्यातून कार्बोलिक आम्ल, म्हणजेच फेनॉल, वेगळे काढले. चारच वर्षांनी इंग्लंडमध्ये जॉन बेथेलने डांबरापासून निघणारे क्रिओसोट तेल दाब देऊन लाकडात मुरविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. रुळांखालचे लाकडी स्लीपर पावसात कुजत, वाळवी त्यांना खाई. क्रिओसोट पाजले की ते वर्षानुवर्षे टिकत. आपल्याकडेही १९२० च्या दशकात पंजाबातील ढिलवान येथे रेल्वेने असा कारखाना काढला आणि हिमालयातील देवदार व चीड यांचे स्लीपर तेथे तेलात मुरवून मार्गावर जाऊ लागले. जंतूंचे कार्य कोणी नीट जाणण्यापूर्वीच डांबराने लाकूड कुजण्याचे थांबविले होते!

वैद्यकाने हा धडा रेल्वेपासून आणि गटारांपासून घेतला असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कार्लाइल गावच्या सांडपाण्यात कार्बोलिक आम्ल घातल्याने दुर्गंधी जाते, हे जोसेफ लिस्टरच्या वाचनात आले. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात, गाडीखाली सापडून पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्याने तेच औषध योजिले. जखम न चिघळता मुलगा बरा झाला. १८६७ साली लिस्टरने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि कार्बोलिकचा वास म्हणजेच स्वच्छता असे समीकरण हळूहळू जगभर रूढ झाले.

हिंदुस्थानात हा वास घराघरात शिरला तो प्लेगबरोबर. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. त्यानंतर शहराच्या गटारांतून व घरांतून कार्बोलिकचा अक्षरशः पूर वाहविण्यात आला. चुना फासला गेला, पाऱ्याच्या क्षाराचे द्रावण शिंपडले गेले, लोकांचे सामान जाळले गेले. पुढच्या वर्षी पुण्यात याच उपायांच्या अंमलबजावणीतून केवढा संताप उसळला, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. खेदाची गोष्ट ही की, हा सारा मारा चुकीच्या शत्रूवर चालला होता. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखविले, आणि ते सर्वमान्य व्हावयास आणखी काही वर्षे गेली. घर धुऊन निघाले, उंदीर मात्र शेजारच्या घरात गेले. शत्रू कोण आणि तो कोठे दडतो, हे न पाहता औषध ओतण्याची खोड मात्र मागे राहिली.

प्लेगवरील लस तयार करणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ पासून हाफकिन यांचेच नाव तिला मिळाले. पुढे याच संस्थेत सर्पविषावरील प्रतिविषाचे काम वाढले, सापांची जोपासना झाली. प्लेगच्या काळातील औषधांचा वारसा आणि जिवंत साप असे एकाच आवारात आले. सापांच्या बाबतीत मात्र तो वारसा उपयोगाचा नाही, आणि याची कारणे प्राण्याच्या शरीरातच आहेत.

माणूस फरशीवर चपला घालून चालतो. साप लाकडावर पोट टेकून तासन् तास पडून राहतो. बहुतेक सापांचे डावे फुफ्फुस खुरटलेले असते, श्वासोच्छ्वासाचा भार प्रायः एकाच फुफ्फुसावर. शिवाय तो जिभेने हवेतील कण टिपून तोंडातील घ्राणेंद्रियाकडे नेतो. फेनॉल त्याच्या त्वचेला व श्वसनमार्गाला घातक ठरते. त्यात लाकूड सच्छिद्र असल्याने औषध आत मुरते, आणि पेटीतील दिव्याच्या उष्णतेने हळूहळू वाफारून बाहेर येते. काच पुसली की झाले. लाकूड प्यालेले विष परत देते. रुळाखालच्या स्लीपरच्या अंगी जो गुण, तोच सापाच्या पेटीत दोष होतो. देवदाराचे लाकूड तर स्वतःच सुगंधी तेलांनी भरलेले असते. जो वास कपाटातील किडीला पळवितो, तो कोंडलेल्या पेटीत सरपटणाऱ्या प्राण्यालाही मानवत नाही. म्हणून असल्या पेटीत देवदार घालूच नये.

मग करावे काय? याचे उत्तरही शल्यचिकित्सेच्याच इतिहासात आहे. १८८१ साली रॉबर्ट कॉखने प्रयोग करून दाखविले की, ज्या कार्बोलिकचा एवढा बोलबाला, ते काळपुळीच्या जंतूंच्या टणक बीजाणूंपुढे दुबळे ठरते; उलट उकळत्या पाण्याची वाफ त्यांना थोड्याच वेळात मारते. कोरड्या गरम हवेला त्याच कामासाठी १४० अंश सेल्सिअस आणि तीन तास लागत. शस्त्रक्रियागृहांनी हळूहळू विष सोडून वाफ जवळ केली. हवेत कार्बोलिकचा फवारा मारण्याची आपलीच पद्धत लिस्टरने १८९० साली मोकळेपणाने नाकारली. एवढा मोठा माणूस आपली चूक जाहीरपणे कबूल करतो, हे त्याच्या शोधाइतकेच मोलाचे म्हटले पाहिजे.

सापाच्या पेटीतील लाकडासही हाच न्याय लागू पडतो. प्रथम प्राण्याला दुसऱ्या पेटीत हलवावे. लाकडावरची घाण गरम पाणी, साधा साबण आणि ताठ केसांचा ब्रश यांनी घासून काढावी. विष्ठेचा थर राहिला तर त्याखाली कोणतेही औषध पोहोचत नाही, आणि क्लोरीनची तर निम्मी शक्ती त्या घाणीवरच खर्च होते. नंतर साबणाचा अंश उरणार नाही असे धुऊन, लहान तुकडा अर्धा तास उकळावा. मोठा ओंडका भांड्यात मावत नसेल तर त्यावर पुनःपुन्हा उकळते पाणी ओतावे; हा उपाय उकळण्याइतका खात्रीचा नाही. भट्टीत भाजावयाचे असेल तर शंभर अंशांच्या थोडे वर, आणि तेही डोळ्यांत तेल घालून. राळयुक्त लाकूड पेट घेते. लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचावयास वेळ लागतो. जागतिक व्यापारात लाकडी खोक्यांतून किडी देशोदेशी जाऊ नयेत म्हणून जो नियम २००२ साली झाला, त्यातही लाकडाच्या गाभ्याशी ५६ अंश सलग तीस मिनिटे अशी अट आहे, ती याचसाठी. अर्थात ही मर्यादा किडींसाठी. जंतूंसाठी अधिक उष्णता हवी.

उकळणे शक्य नसेल तेव्हा घरगुती ब्लीच दहापट ते तीसपट पाण्यात मिसळून दहा मिनिटे लावावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत धुवावे. ब्लीचमध्ये शौचालय साफ करण्याचे आम्ल कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. शेवटची पायरी वाळविण्याची, आणि तीच लोक उरकून टाकतात. ओले लाकूड पेटीत गेले की आठवड्यात बुरशी धरते. पोळपाट धुऊन उभा करून ठेवणाऱ्या आपल्या गृहिणींना हे ठाऊक होतेच. १९९० च्या दशकात अमेरिकेत डीन क्लायव्हर यांच्या प्रयोगांत दिसून आले की, लाकडी पाटावरचे जंतू आत शोषले जातात व तेथे बहुतांशी मरतात. पेटीतील लाकूडही दोन-तीन दिवस कडक उन्हात, चारी बाजूंनी फिरवून वाळवावे. दोन फांद्या बाळगून आलटून पालटून वापरणे सर्वांत सोयीचे.

काही वेळा मात्र लाकूड वाचविण्याचा मोह सोडावा लागतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी सापांच्या जठरात बिऱ्हाड करतो. त्याची अंडकोशिका क्लोरीनला दाद देत नाही. असे निदान झाले तर लाकूड जाळून टाकणे हाच मार्ग. खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असे रक्तपिपासू माइट फटीफटींतून अंडी घालतात, तेव्हाही भेगाळलेला ओंडका ठेवण्यात अर्थ नाही.

धोका केवळ प्राण्याला नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात सॅल्मोनेला जंतू असतात आणि प्राणी ठणठणीत दिसतो. लहान मुलांना होणाऱ्या बाधेमुळे अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणून पेटीतील लाकूड स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये, आणि धुतल्यावर हात साबणाने स्वच्छ करावेत.

येथे कायद्याचाही एक शब्द आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडील नाग, घोरपड किंवा तारांकित कासव घरी पाळता येत नाही. बॉल पायथन किंवा इग्वाना यांसारख्या परदेशी प्रजातींची नोंद करणे कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे.

रुळांखाली आता बहुतांशी काँक्रीटचे स्लीपर आले. जुने लाकडी स्लीपर लिलावात निघतात आणि त्यांची बाके, टेबले, बागेतील पायऱ्या होतात. अशा एखाद्या जाडजूड तुकड्याचा पोत पाहून, सापाला लपावयास हा उत्तम, असे कोणालाही वाटेल. युरोपीय संघाने क्रिओसोट मुरविलेले लाकूड घरात व मुलांच्या क्रीडांगणात वापरण्यास २००१ च्या आदेशाने मनाई केली. तो तुकडा कितीही उकळला, कितीही उन्हात ठेवला, तरी त्यातील डांबर निघत नाही. उन्हाने तापल्यावर त्याचा वास उलट अधिकच येऊ लागतो.