१४. भोयांचा डोह
डोह म्हणजे नदीपात्रातला खोलगट भाग. उन्हाळ्यात धार तुटली तरी इथे पाणी टिकते, आणि पावसाळ्यात अंडी घालणारी मरळीसारखी मासळी तोवर इथेच तग धरते. डोह उपसला की पुढच्या हंगामाचे बीच गेले. भोई हे वऱ्हाडातले परंपरागत मासेमार. पालखी वाहणारेही तेच, पण इथे तो अर्थ घेऊ नये. नदी पैनगंगा : उगम बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगरात. मूळ मजकुरात लेखकाने डोहाच्या जागेसाठी ‘अकोला जिल्हा’ लिहिले ते त्या काळी बरोबरच. वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. मूळ मजकुराच्या पुढच्या ओळीतल्या ‘सुरुंगा’ने मासे मारण्यास १८९७च्या मासेमारीविषयक कायद्यानेच बंदी घातली होती.