आपल्या शाळेचा सॉफ्टबॉल आणि एक राहून गेलेली निवड चाचणी

स्मरणिकेसाठी शाळेच्या खेळांचा इतिहास लिहायचा ठरला तेव्हा कबड्डी आणि खो-खोला लगेच लेखक मिळाले. सॉफ्टबॉलचं नाव निघताच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शांतता पसरली. मग एकाने विचारलं, "आपल्याकडे सॉफ्टबॉल होता?" होता. १९९२ ते १९९५ अशी तीन वर्षं मी त्या संघात कॅचर होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आपल्या १९९५ च्या बॅचमधल्या पुष्कळ मुलांना हा खेळ फक्त एवढ्यासाठी आठवत असेल की आमच्या सरावामुळे त्यांना क्रिकेटसाठी मैदान मिळायचं नाही.

आधी या खेळाची जन्मकथा सांगते, कारण ती आपल्या सरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितली होती आणि ती आम्हाला थाप वाटली होती. १८८७ साली शिकागोतल्या एका बोट क्लबमध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी काही तरुण हार्वर्ड-येल फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसले होते. निकाल आल्यावर एकाने गमतीत बॉक्सिंगचा जुना ग्लोव्ह फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हँकॉक नावाच्या माणसाने तो ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला, खडूने जमिनीवर रेघा मारल्या आणि बंद हॉलमध्ये खेळ सुरू झाला. पहिला स्कोअर ४१-४० असा सांगतात. 'सॉफ्टबॉल' हे नाव मात्र १९२६ मध्ये आलं. नावात सॉफ्ट असला तरी तो १२ इंच घेराचा चेंडू गुडघ्यावर बसला की किती मऊ असतो ते माझ्या गुडघ्याला अजून थंडीत आठवतं.

आपल्याकडे हा खेळ आला तो सरांमुळे. त्यांनी बी.पी.एड. करताना तो शिकला होता, आणि मुलींना खेळता येईल असा, कमी जागेतला सांघिक खेळ त्यांना हवा होता. साठ फुटांवर चार बेस, नऊ खेळाडू, सात डाव. शाळेने सामान दिलं ते असं: एक स्लगर, दोन चेंडू, चार ग्लोव्ह. फिल्डिंगला जाणाऱ्या नऊजणींत चार ग्लोव्ह कसे वाटायचे हा रोजचा प्रश्न असायचा. कॅचर म्हणून एक मला कायम मिळायचा, यावरून माझ्यावर राग होता, तो काहींचा अजून असेल. बेस म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरलेली माती. चुन्याची फक्की संपली की आम्ही राखेने रेषा आखायच्या. सराव सकाळी सहाला सुरू आणि कंपनीच्या पहिल्या पाळीचा भोंगा झाला की संपला, कारण त्यानंतर आवरून प्रार्थनेला उभं राहायचं. निम्म्या मुलींचे वडील त्याच भोंग्याला गेटातून आत जात असत. माझे बाबाही. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, पण मला अजूनही सकाळी जाग आली की कान त्या आवाजाची वाट बघतात.

आता आपल्या पिचरबद्दल. तिने नाव लिहू नकोस म्हणून बजावलंय, आणि लिहायची गरजही नाही, वर्गात सगळ्यांना ती माहीत आहे. बाकीच्या मुली हात मागे नेऊन सरळ चेंडू सोडायच्या. तिने मात्र पूर्ण हात गरागरा फिरवून, पवनचक्कीसारखा, चेंडू टाकायला स्वतःच सुरुवात केली होती. सरांनी एका जुन्या पुस्तकातलं चित्र दाखवलं, तेवढ्यावर. तेव्हा आम्ही ४० फुटांवरून टाकायचो. तिचा चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये आला की आत रुमालाची घडी घालूनही तळहात लाल व्हायचा. १९९४ मध्ये आम्ही जिल्हा जिंकलो ते तिच्या जोरावर. विभागात हरलो, पण विभागाच्या संघात तिची निवड झाली आणि ती राज्य स्पर्धा खेळून आली. जळगावच्या मुली कसल्या खेळतात याच्या गोष्टी ती पुढे महिनाभर सांगत होती.

दहावीचा निकाल लागला आणि पुण्यातल्या एका कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांनी सरांकडे निरोप पाठवला: मुलीला चाचणीला पाठवा, पसंत पडली तर अकरावीला खेळाडू म्हणून प्रवेश आणि फी माफ. त्या काळी आपल्याकडे 'रिक्रूटमेंट' म्हणजे एवढंच होतं, तोंडी निरोप. तिच्या घरून परवानगी मिळाली ती एका अटीवर, की मी सोबत असेन. तिच्या आईचा माझ्यावर विश्वास होता, कारण मला चांगले मार्क होते. आकुर्डीहून लोकलने शिवाजीनगर, तिथून चालत. जायचं ठरलं त्या सकाळी माझा सायन्सचा प्रवेश अर्ज भरायचा होता आणि रांग लांब असेल म्हणून बाबा मला लवकर घेऊन निघाले. मी तिला आदल्या संध्याकाळी सांगितलं, "पुढच्या आठवड्यात जाऊ." ती म्हणाली, "बरं."

पुढच्या आठवड्यात चाचणी नव्हती. महिन्याभरात ती भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला लागली. मी बारावी, इंजिनिअरिंग, मग हिंजवडी. ग्लोव्ह पुन्हा हातात घेतला नाही. तीस वर्षांत आम्ही दोघी अनेकदा भेटलो, लग्नात, हळदीकुंकवाला, खंडोबाच्या माळावर, आणि त्या सकाळचा विषय कधी निघाला नाही. हे मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही की, खोटं थोडंच आहे."

आम्ही इकडे अशा, आणि जगात त्याच सुमारास काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधलं लिअँडर पेसचं ब्राँझ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याच ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल पहिल्यांदा खेळला गेला. अंतिम सामन्यात अमेरिकेने चीनला ३-१ हरवलं आणि त्यात होमरन मारणारी डॉट रिचर्डसन ही अस्थिशल्यचिकित्सेचं प्रशिक्षण घेणारी डॉक्टर होती. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! आम्हाला तर असं शिकवलं होतं की एक तर अभ्यास, नाही तर खेळ.

अमेरिकेतल्या मुलींना हे दोन्ही जमलं याला कारण एक कायदा आहे. १९७२ च्या 'टायटल नाइन'ने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला बंदी केली. मुलांच्या खेळांवर खर्च होतो तर मुलींनाही संधी द्या, असा त्याचा परिणाम झाला. १९८२ पासून तिथल्या एनसीएए या संघटनेने महिला सॉफ्टबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. शिष्यवृत्त्या आल्या, आणि शिष्यवृत्त्यांपाठोपाठ मुली शोधणारे प्रशिक्षक आले.

हे सगळं मी वाचलं ते भाचीमुळे. दादाची मुलगी कॅलिफोर्नियात अकरावीत आहे आणि पिचर आहे. मागच्या वर्षी दादाचा फोन आला, "तू खेळायचीस ना? हिच्या कॉलेजचं आम्हाला काही कळत नाही, जरा बघ." दादाने माझा एकही सामना पाहिलेला नाही, पण असो. मी इंजिनिअर माणूस, एक्सेल उघडलं.

नियम वाचता वाचता थक्क झाले. तिथे एके काळी आठवीतल्या मुलींना कॉलेजं तोंडी शब्द देत असत. २०१८ मध्ये ते बंद केलं. आता अकरावीच्या १ सप्टेंबरआधी वरच्या विभागातल्या प्रशिक्षकाने मुलीशी याबद्दल बोलायचंच नाही. मुलीने मात्र पत्र आधी पाठवावं. तेही मुलीनेच, आईबाबांनी नाही, हे मी दादाला तीनदा सांगितलं. पहिल्या विभागात एका संघाला बऱ्याच वर्षांपासून फक्त १२ शिष्यवृत्त्या होत्या, आणि त्या वीसेक मुलींत तुकडे करून वाटायच्या. म्हणजे 'फुल स्कॉलरशिप' हा शब्द आपले नातेवाईक वापरतात तितका स्वस्त नाही. २०२५-२६ पासून नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांत ही मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात जास्तीत जास्त २५ मुली असा नियम आला. तिसऱ्या विभागात खेळाची शिष्यवृत्ती नसतेच, पण अभ्यासावर मदत मिळते. अभ्यासाची अट सगळ्यात आधी: पहिल्या विभागासाठी हायस्कूलचे ठरावीक १६ विषय, त्यातले १० शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण.

माझ्या एक्सेलमधला सगळ्यात उपयोगी रकाना कोणता, तर 'जाणाऱ्या पिचर'. भाची २०२७ मध्ये प्रवेश घेईल, तेव्हा कोणत्या कॉलेजच्या किती पिचर पदवी घेऊन बाहेर पडलेल्या असतील? जिथे दोघी जाणार, तिथे जागा. जिथे तिघी नुकत्याच आल्यात, तिथे पत्र पाठवून उपयोग नाही, कॉलेज कितीही नावाजलेलं असो. दादाला हे पटायला वेळ लागला, कारण त्याच्या यादीत फक्त नावाजलेलीच होती. व्हिडिओ छोटा ठेवायचा: एक कॅचरच्या मागून, एक बाजूने, सुरुवातीलाच नाव, इयत्ता, वेग. संगीत नको. आणि भाचीला इंजिनिअरिंग करायचंय, म्हणून प्रत्येक प्रशिक्षकाला विचारायचा प्रश्न: दुपारच्या लॅब आणि सराव एकाच वेळी आले तर तुमच्याकडच्या मुली काय करतात? या प्रश्नाची उत्तरं वाचून यादीतली बरीच नावं तिने स्वतः खोडली.

आपल्याकडेही चित्र अगदी तेच राहिलेलं नाही. आता शालेय स्पर्धा १४, १७, १९ अशा वयोगटांत होतात, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, २००५ पासून राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आणि नावात एक काना इकडेतिकडे असला तरी धावपळ होते. शाळेत आज खेळणाऱ्या मुलींच्या आईवडिलांना माझं सांगणं एवढंच की प्रमाणपत्र हातात पडताच नाव आणि जन्मतारीख तिथल्या तिथे तपासा, लॅमिनेशन नंतर करा.

दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी ती, आपली पिचर, माझ्याकडे फराळाचा डबा परत द्यायला आली. तेव्हाच भाचीचा व्हिडिओ कॉल सुरू होता. तिकडे शनिवारची संध्याकाळ. भाची म्हणत होती की शेवटच्या डावांत चेंडू वर जातो, प्रशिक्षकाला कारण सापडत नाही. मी फोन हिच्या हातात दिला. तिने चष्मा वर केला, दोनदा बघितलं आणि म्हणाली, "दमली की हिची कंबर आधी वळतेय, हात मागे राहतोय." मला भाषांतर करावं लागलं नाही. ती उठली, सोफा सरकवला आणि साडीचा पदर खोचून हात पूर्ण फिरवून दाखवला. तोच हात.

भाचीने विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या कॉलेजसाठी खेळायचात?"

"कॉलेजला नाही गेले गं," ती म्हणाली. "तू परत एकदा टाक बरं. हळू."

त्या दिवसापासून दर रविवारी दोघींचा फोन असतो. मला त्यात फारसं स्थान नाही, मी फक्त फोन धरते.

एक विनंती. १९९४ च्या जिल्हा विजेत्या संघाचा फोटो शाळेच्या कार्यालयात सापडत नाही. सरांकडची प्रत २००५ च्या पुरात गेली. कोणाच्या घरी असेल तर मेळाव्याला घेऊन या. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी, ग्लोव्ह न मिळालेली आणि म्हणून तोंड फुगवून उभी असलेली कोण आहे यावरून गेली तीस वर्षं वाद चालू आहे.